बालपुस्तकं घेऊन नागपुरात: महोत्सव, कार्यशाळा आणि एक शाळा

गुरुवार

मुंबईहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस सकाळी नागपूरला पोचते. बरोबर पुस्तकांची खोकी असली की विमानापेक्षा रेल्वे परवडते. स्लीपर आणि एसी थ्री टियरमध्ये माणशी ४० किलो, टू टियरमध्ये ५० किलो सामान मोफत नेता येतं. साडेआठ इंची चौकोनी, १३० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपरवर छापलेलं ३२ पानी पुस्तक कव्हरसकट साधारण १२० ग्रॅम भरतं, म्हणजे शंभर प्रतींचे १२ किलो झाले. खोकं याहून जड बांधू नये. हमाल मिळतो, पण महोत्सवाच्या मैदानात गेटपासून स्टॉलपर्यंत खोकं आपल्यालाच उचलावं लागतं. दोन खोकी लेखकाबरोबर असावीत आणि बाकीचा माल प्रकाशकाने आठ दिवस आधी ट्रान्सपोर्टने लावावा. उद्घाटनाच्या दिवशी ‘गाडी वाटेत आहे’ हे वाक्य ऐकायचं नसेल तर बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, नंबर स्टॉलवरच्या माणसाकडेही हवा.

मुक्काम बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत. मेट्रोच्या दोन्ही लाइन तिथे भेटतात. महोत्सव भरतो त्या रेशीमबाग मैदानाला लागून मात्र मेट्रो स्टेशन नाही, शेवटचा टप्पा ऑटोचाच. नोव्हेंबरअखेर आलेलं बरं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की खोल्या मिळत नाहीत, मोर्च्यांमुळे रस्ते बंद होतात आणि शाळांच्या बस वेळेवर पोचत नाहीत.

दुपार स्टॉल लावण्यात गेली. ठरलेला स्टॉल ३ मीटर बाय ३ मीटर: दोन टेबलं, दोन खुर्च्या, एक प्लग. टेबलाची उंची ७५ सेंटीमीटर असते. सहा वर्षांचं मूल साधारण ११५ सेंटीमीटर उंच, त्याचे डोळे १०५ सेंटीमीटरच्या आसपास. त्यामुळे त्याला टेबलावरची पहिली रांग दिसते, दुसरी तिरपी दिसते, आणि मागच्या रांगेपर्यंत हात पोचत नाही. मोठ्यांच्या पुस्तकांची मांडणी बालपुस्तकांना लावली की असं होतं. मूल बोट दाखवतं, पालक पुस्तक उचलतो, किंमत बघून परत ठेवतो. मुलाच्या हातात ते गेलेलंच नसतं. उपाय साधा आहे. रिकामी खोकी उलटी टाकायची, वर चादर घालायची आणि ४० सेंटीमीटर उंचीवर पुस्तकं कव्हर समोर करून लावायची. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ‘चाळायची प्रत’ म्हणून वेगळी ठेवायची आणि ती मळणार हे धरून चालायचं. ऐन संत्र्याच्या दिवसांत तर नक्कीच मळते. बाहेर फोडी खाऊन आलेले चिकट हात मॅट लॅमिनेशनच्या कव्हरवर डाग पाडतात, ग्लॉसी कव्हर ओल्या फडक्याने पुसलं जातं. मॅट कव्हर डिझायनरला आवडतं, स्टॉलवाल्याला नाही.

रात्री मैदानात दव पडतं. उघड्या ठेवलेल्या आर्ट पेपरच्या प्रतींचे कोपरे सकाळी वर वळलेले दिसतात. टेबलावर प्लास्टिक पांघरायचं आणि खालची खोकी जमिनीला टेकू न देता विटांवर किंवा फळीवर ठेवायची. पहाटे पाण्याचा टँकर मैदानात फिरतो, धूळ बसवायला. त्याचं पाणी पहिल्यांदा खोक्यांच्या तळालाच लागतं.

शुक्रवार

शाळांचा दिवस. महोत्सवाच्या पत्रिकेवर ‘लेखक आपल्या भेटीला, ११ ते १२’ असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात पहिली बस पावणेअकराला आली, मुलं रांगेने आत यायला वीस मिनिटं गेली, आणि दोन वाजता बस परत शाळेत हवी म्हणून बाई एकपासूनच घड्याळ बघू लागल्या. त्यात डबाही खायचा असतो. म्हणून तासाचा कार्यक्रम आखूच नये, पस्तीस मिनिटांचा आखावा: बसायला पाच, ओळखीला आणि एखाद्या गाण्याला पाच, वाचनाला बारा, आणि उरलेली तेरा मिनिटं मुलांच्या हातात पुस्तकं. वेळ कमी पडला तर कात्री ओळखीला लावायची, शेवटच्या तेरा मिनिटांना नाही. आयोजक नेमकं उलटं करतात. पाहुण्यांचं स्वागत, पुष्पगुच्छ, मनोगत सगळं होतं आणि मग ‘वेळेअभावी’ मुलांना पुस्तकं न दाखवताच उठवलं जातं.

एका गटात ३५ ते ४० मुलं चालतात. २१ सेंटीमीटरच्या पानावरचं चित्र तीन मीटरपर्यंत नीट दिसतं, म्हणजे सतरंजीवर अर्धवर्तुळात बसवली तर चार-पाच रांगा. खुर्च्या नकोत. खुर्च्यांवर तेवढीच मुलं सहा-सात मीटर मागे जातात आणि मागची रांग आपापल्या गप्पांना लागते. तरीही अनेकदा एकदम दीडशे मुलं समोर येतात, कारण तीन शाळांच्या बस एकाच वेळी पोचलेल्या असतात. तेव्हा पुस्तक हातात धरून वाचायचा हट्ट सोडावा. ए-थ्री आकाराची आठ-दहा चित्रकार्डं बरोबर असली तर दीडशेंना पुरतात. प्रोजेक्टरवर भिस्त ठेवू नये, दिवसा मंडपाच्या कापडातून इतका उजेड येतो की पडद्यावर फिकट डाग तेवढे दिसतात. एलईडी भिंत असेल तर गोष्ट वेगळी, पण ती मुख्य मंचावर असते आणि मुख्य मंच मुलांना मिळत नाही.

माइक कॉलरचा मागावा, आदल्या दिवशीच. हातातला माइक घेतला की एका हाताने पुस्तक धरावं लागतं आणि पान उलटायला तिसरा हात लागतो. कॉलर माइक हनुवटीच्या वीतभर खाली लावायचा आणि स्पीकरच्या पुढे जायचं नाही, गेलात की शिट्टी. त्याहून मोठी अडचण म्हणजे शेजारच्या मंचाचा आवाज. तिथे कविसंमेलन असेल तर इथल्या गोष्टीतला ससा कुजबुजू शकत नाही. म्हणून मैदानावर वाचायला संवाद असलेली, मुलांना एखादी ओळ परत-परत म्हणता येईल अशी गोष्ट निवडावी. हळवी, शांत गोष्ट शाळेच्या वर्गासाठी राखून ठेवावी.

इयत्ता वेगळ्या करून घेणं हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत कमी वेळा होणारं काम. पहिली-दुसरी, तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी असे तीन गट. आठवीच्या मुलांपुढे पहिलीचं चित्रपुस्तक वाचलं तर ती सभ्यपणे बसतात आणि आपला अपमान झाल्यासारखं बघतात. त्यांच्याशी पुस्तक कसं बनतं यावर बोलावं. चित्रपुस्तकं १६, २४ नाहीतर ३२ पानांचीच का असतात, हा प्रश्न त्यांना टाकला की ती सरसावून बसतात. उत्तर छापखान्यात आहे. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजू छापून तो घडी घालून कापतात आणि एका घडीतून ८ किंवा १६ पानं निघतात. २७ पानांची गोष्ट लिहिली तर कागद वाया जातो किंवा गोष्ट कापावी लागते. लेखक बहुधा गोष्टच कापतो.

मग घडीची वही करायला दिली. हे काम पाचवीच्या पुढे दहा मिनिटांत होतं. ए-फोर कागद आखूड कडेला आखूड कड जुळवून अर्धा दुमडायचा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा, आणि उघडायचा. आठ चौकटी दिसतात. आता पहिल्यासारखा एकदाच अर्धा दुमडायचा आणि दुमडलेल्या बाजूने, मधल्या रेषेवर, पुढच्या घडीपर्यंतच कापायचं. उघडून लांबीच्या दिशेने दुमडायचा, दोन्ही टोकं आत ढकलायची, चिरेची फट उघडून अधिकचं चिन्ह होतं, आणि ते एका बाजूला गुंडाळलं की वही. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आत सहा पानं. चूक एकाच ठिकाणी होते. मुलं उघड्या बाजूने कापतात आणि कागदाची कड तुटते. चाळीस मुलांना साठ कागद आणावेत. कात्री नसली तरी चालतं, घडीवर नख दाबून पट्टीने फाडता येतं.

प्रश्नांच्या वेळी ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते’ हे बाईंनी शिकवलेलं असतं. खरा प्रश्न नंतर येतो: ‘सर, एका पुस्तकाचे तुमाले किती भेटतात?’ टाळू नये. छापील किमतीच्या दहा टक्के रॉयल्टी धरली तर ६० रुपयांच्या पुस्तकामागे सहा रुपये, आणि ती चित्रकाराबरोबर अर्धी-अर्धी असेल तर तीन. मुलं लगेच हिशोब करतात की तर्री पोह्यांच्या एका प्लेटसाठी किती पुस्तकं खपायला हवीत.

विक्रीचं गणितही मुलांच्या खिशातूनच सुरू होतं. शाळेकडून येणाऱ्या मुलाला घरून पन्नासची नोट मिळालेली असते, फार तर शंभरची. स्टॉलवर ३०, ४०, ५० रुपयांची पुस्तकं दर्शनी नसतील तर मूल हात न लावता पुढच्या पेनांच्या स्टॉलवर जातं. नागपूरला हे सांगायला नको खरं तर. विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे असंख्य स्टॉल लागतात, तिथे पातळ, स्वस्त पुस्तिकांचे ढीग असतात आणि माणसं पिशव्या भरून नेतात. दहा आणि वीसच्या सुट्ट्या नोटा सकाळीच आणून ठेवाव्यात. यूपीआयचा कोड असतो, पण गर्दीच्या वेळी मैदानात नेटवर्क बसतं आणि पैसे गेले की नाही यावर पाच मिनिटं जातात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, चित्रं रंगवायच्या पुस्तकांवरही नाही, त्यामुळे बिल साधं आहे.

शनिवार

जिल्हा परिषद शाळा शनिवारी सकाळच्या असतात, म्हणून शिक्षकांची कार्यशाळा दुपारी ठेवतात. पहिली ते तिसरीला शिकवणारे शिक्षक, काही केंद्रप्रमुख, थोड्या अंगणवाडी सेविका. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं ध्येय प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं हे आहे आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरलेली आहे. शिक्षक या भाषेत पुरते मुरलेले आहेत. त्यांना उद्दिष्टं वाचून दाखवण्यात अर्थ नाही. गोष्टीचं पुस्तक वर्गात नेमकं करायचं काय, हे दाखवावं लागतं.

दाखवायची पद्धत अशी. पुस्तक छातीपाशी, पानं मुलांकडे, एका हाताने वरच्या कडेला धरलेलं. कव्हरवर दोन मिनिटं: काय दिसतंय, काय होईल. मग एकदा सलग वाचन, मध्ये फार तर दोन-तीन ठिकाणी थांबून ‘आता काय करेल?’ एवढंच. १६ पानी पुस्तक सलग चार-पाच मिनिटांत होतं, थांबत वाचलं तर बारा. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा, पण यावेळी ओळींखालून बोट फिरवत, मुलांनी ओळखीची ओळ बरोबर म्हणायची. तिसऱ्या दिवशी जोडीने, दोघांत एक प्रत. चौथ्या दिवशी पुस्तक कोपऱ्यात ठेवून द्यायचं, ज्याला हवं तो उचलेल. एकाच पुस्तकावर चार दिवस ‘घालवणं’ शिक्षकांना जड जातं, पण पहिलीतल्या मुलाला तोच मजकूर चौथ्यांदा भेटतो तेव्हा त्याला तो वाचता येऊ लागतो.

बिघडतं ते ठरावीक जागी. शिक्षक उलटं धरतात, म्हणजे पुस्तक स्वतःकडे आणि वाचून झालं की मुलांकडे झटकन फिरवतात. प्रत्येक ओळीनंतर ‘म्हणजे काय?’ विचारतात, त्यामुळे गोष्ट कुठे चालली हे मुलं विसरतात. एक ओळ सांगून तिची सामुदायिक घोकणी घेतात, त्यात न वाचणारं मूलही मोठ्याने म्हणतं आणि कुणाला कळत नाही. आणि शेवटी ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न. तो विचारला की मुलं ‘खोटं बोलू नये’ असं एका सुरात सांगतात, गोष्ट बेडकाच्या उडीची असली तरी.

मजकुराच्या मांडणीवर लेखक-प्रकाशकांनी ऐकून घ्यावं असं बरंच निघालं. पहिलीच्या पुस्तकात २० पॉइंटच्या खाली अक्षर नको. रफार, अनुस्वार आणि मात्रा एकावर एक आल्या की लहान अक्षरात त्यांचा गोळा होतो. ओळ अर्थाच्या जागी तुटावी. ‘झाडावर बसलेला’ वरच्या ओळीत आणि ‘पोपट’ खाली चालेल, पण ‘बस-लेला’ नको. ‘र’ मराठीत चार वेषांत येतो: अर्क, चक्र, ट्रक, सुऱ्या. चारही एका पानावर आले तर नवं वाचणारं मूल अडतं. आणि ‘ल’, ‘श’. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितात, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही तेच आहे, पण संगणकावरचे अनेक फाँट न सांगता हिंदी वळण उमटवतात. फळ्यावर एक वळण आणि पुस्तकात दुसरं, यात पहिलीतलं मूल गोंधळतं. नागपुरात हे जास्त जाणवतं, कारण आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या या शहरात दुकानांच्या पाट्यांवर हिंदी-मराठी शेजारीशेजारीच असतात.

रविवार

सकाळी परिसंवाद: ‘मुलं वाचत नाहीत का?’ चार वक्ते, एक अध्यक्ष, पाऊण तास. मुलं एकही नव्हती, ती सगळी स्टॉलवर होती. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचं मुख्य ठिकाण असलेल्या या शहरात ऐकायला येणारा श्रोता जाणता आहे, पण अशा परिसंवादात मोबाइलला शिव्या घालण्यापलीकडे गाडी क्वचितच जाते.

रविवारची गर्दी पालकांची. सहीच्या टेबलाशी एका मुलामागे चाळीस सेकंद धरले तर साठ मुलांना चाळीस मिनिटं लागतात. रांगेतल्याच कुणीतरी आधी चिठ्ठीवर नाव लिहून घ्यावं. ‘श्रुति’ की ‘श्रुती’ हे मुलाच्या आईला विचारूनच लिहावं. आर्ट पेपरवर जेल पेन पसरतं, समोरच्या पानावर उलटं उमटतं. साधं बॉलपेन बरं, किंवा पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं बारीक टोकाचं मार्कर पेन. सही आतल्या, लॅमिनेशन नसलेल्या पानावर.

संध्याकाळी गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांचे कार्यकर्ते येतात. वाचनालय अ, ब, क, ड यांपैकी कोणत्या वर्गाचं आहे ते विचारून घ्यावं, बजेटचा अंदाज येतो. त्यांना वाचनालयाच्या नावाचं, शिक्क्याचं, प्रत्येक पुस्तकाचं नाव-किंमत-सूट वेगळी दाखवणारं बिल लागतं. ‘बालपुस्तके ४० नग’ असं एका ओळीत लिहिलेलं बिल तपासणीत अडतं आणि मग ते पुढच्या वर्षी येत नाहीत.

सोमवार

रामटेक तालुक्यातली शाळा. जबलपूर रस्त्याने मनसरपर्यंत जायचं आणि पुढे आत वळायचं. नऊला नागपूर सोडलं तर परिपाठ संपता-संपता पोचता येतं. देवलापारच्या बाजूला काही मुलांच्या घरी गोंडी बोलतात. तिथे मराठी पुस्तक उघडण्याआधी चित्रांवर मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावं. गोंडी येणारी मोठ्या वर्गातली एखादी मुलगी शेजारी बसली तर फारच सोपं होतं. ती सांगते, मग तेच पान मराठीत.

पुस्तकं शाळेत होती. कुलपात होती. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं. पुस्तकं येतात, दाखल नोंदवहीत चढतात आणि कपाटात जातात, कारण हरवलं तर जबाबदारी शिक्षकाची. ही भीती खोटी नाही. तिच्यावर भाषण देऊन उपयोग नसतो. मुख्याध्यापकांशी बसून दरवर्षी फाटलेल्या-हरवलेल्या प्रतींची यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून ठराव घ्यायचा, निर्लेखनाचा, म्हणजे त्या प्रती नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवायचा, हे ठरवावं लागतं. कागदावर वाट झाली की कुलूप निघतं.

नंतर दोरी बांधली. पहिलीच्या वर्गात जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर, तिसरीत ११० वर, सुतळी नव्हे तर नायलॉनची दोरी, कारण सुतळी दोन आठवड्यांत झोळ खाते. पुस्तक चिमट्याने कव्हरला धरून टांगू नये, पिना सैल होतात. मधलं पान उघडून दोरीवर घोडेस्वारासारखं बसवायचं. दोरी खिडकीसमोर नको, उन्हाने लाल आणि पिवळा रंग आधी उडतो. वीस मुलांच्या वर्गाला तीस पुस्तकं असली म्हणजे शेवटी येणाऱ्यालाही निवड राहते. घरी नेण्याची नोंद मुलांनीच करायची: वहीत तारीख, स्वतःचं नाव, पुस्तकाचं नाव. पहिलीतली मुलं नावाऐवजी कव्हरवरचं चित्र काढतात, तेही चालतं.

मंगळवार

उरलेल्या प्रती मोजणं. तीन ढीग: नव्यासारख्या, कोपरे वळलेल्या, चाळायच्या. दुसरा ढीग दोन दिवस वजनाखाली ठेवला तर बराचसा सरळ होतो, सवलतीत जातो. तिसरा परत न्यायचाच नाही, तो सोमवारी पाहिलेल्या शाळेला पाठवायचा.

कुणी मागवलेली पुस्तकं टपालाने पाठवायला १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. ५ किलोत आवरणासकट १२० ग्रॅमच्या ३८-३९ प्रती बसतात. नियतकालिकं आणि जाहिराती यात चालत नाहीत, पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं, आणि पाकिटावर ‘ज्ञान पोस्ट’ लिहावं लागतं. पार्सल जमिनीवरून जातं, म्हणून वाढदिवसाच्या तारखेवर बेतून कुणाला शब्द देऊ नये. पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग दोन्ही बाजूंना पुठ्ठा, मग खाकी कागद. पुठ्ठा पुस्तकाहून सेंटीमीटरभर मोठा कापायचा, म्हणजे मार त्याच्या कोपऱ्यांना बसतो.